पत्रा चढवायचा दिवस

लोइस फोर्ट वेनहून निघाली तेव्हाच तिने ठरवलं होतं, की आल्या आल्या काही बोलायचं नाही. जेवण होऊ द्यायचं, मग बाबांना बाजूला घ्यायचं आणि शांतपणे सांगायचं, की आईला मी माझ्याकडे घेऊन जाते. ‘शांतपणे’ हे तिने वाटेत स्वतःला कितीदा तरी बजावलं. हार्ट्झलरांच्या घरात कुणाचा आवाज चढला की तिचा बाप, आर्डन हार्ट्झलर, उठायचा, टोपी घालायचा आणि मागच्या शेडमध्ये निघून जायचा. शेडमध्ये डबा होता.

डबा म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर, दुकानात डुकराचं मांस, हॅम, मिळतं त्या डब्यासारखा पुढून-मागून गोल. सत्तावन्न साली इथेच, नापानीच्या कारखान्यात बनलेला. लोइसचे एनॉसआजोबा त्याच कारखान्यात चौकटी ठोकायचे. पुढे कारखाना बंद पडला, आजोबाही गेले, डबा तेवढा राहिला. आर्डन आणि ट्वायला लग्नानंतर वर मिशिगनमध्ये लून लेक नावाच्या तळ्यावर गेले ते याच डब्यातून, आणि मुलं मोठी होईपर्यंत दर उन्हाळ्यात जात राहिले. नंतर कित्येक वर्षं तो गवतात कुजत पडला होता. निवृत्त झाल्यावर आर्डनने तो शेडमध्ये ओढून आणला आणि त्याच्या नादी लागला. आमच्याकडे अर्धे पुरुष जन्मभर कारखान्यात नवे ट्रेलर बांधतात आणि निवृत्त झाले की घरी जुने उकलत बसतात. बायका म्हणतात, असू दे, निदान नजरेसमोर तरी असतात.

पण आर्डनच्या डब्याची आता गावात चेष्टा सुरू झाली होती. सांगाडा नवा झाला, आतली बर्चच्या लाकडाची पॅनेलं चकचकीत झाली, राहिला होता बाहेरचा पत्रा. तो ऑक्टोबरात चढला आणि उतरला. नाताळात चढला आणि उतरला. ईस्टरला पुन्हा तेच. विचारलं की आर्डन सांगायचा, पाणी गळतंय, पुट्टी नीट बसली नाही, पुन्हा करायला हवं. शेवटी डॅरिलने, त्याच्या धाकट्या मुलाने, सगळ्यांना निरोप धाडला: मेअखेरीस मेमोरियल डेच्या, थडग्यांवर फुलं वाहायच्या सुट्टीत शनिवारी या, सगळे हात लावू आणि संध्याकाळच्या आत डबा बंद करून टाकू.

स्वयंपाकघरात डॅरिलची बायको कॉनी बटाटे कुस्करत होती. दाराशी थडग्यांवर न्यायची पिओनीची फुलं कॉफीच्या रिकाम्या डब्यांत घालून ठेवली होती. ट्वायला खिडकीजवळ तिच्या खुर्चीत बसली होती, हातात बर्फाच्या तुकड्यांचा कप. तिला दिवसाला मोजूनमापूनच पाणी चालायचं, म्हणून तहान लागली की एक तुकडा तोंडात धरायचा.

“आलीस? बूट बाहेर काढ. नांगर धरून आल्यासारखी दिसतेस.”

“अंगणातूनच आले, आई. सगळा चिखल आहे.”

“कुणाचाच मका पेरून झाला नाही यंदा,” कॉनी म्हणाली. “ट्रॅक्टर शेतात उतरला की रुतलाच.”

लोइसने आईच्या गालाला गाल लावला. गाल गार होता. काल शुक्रवार, म्हणजे मशीनचा दिवस. दोन वर्षांपूर्वी ट्वायलाची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा गोशेनला जाऊन ती अर्धा दिवस रक्त धुवायच्या मशीनला हात देऊन बसायची. घरी आली की झोपायची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं धरून बसायची, आणि जरा माणसात येते न येते तोच पुन्हा मशीनचा दिवस उजाडायचा.

“झोप लागली का?”

“तुझा बाप लागू देईल तर ना! रात्रभर हात धरून असतो माझा. सुया टोचतात तिथे रक्ताची थरथर जाणवते ना हाताला, ती चालू आहे का बघतो. म्हटलं, बंद पडली तर मीच उठवून सांगेन तुला, तू झोप.”

कॉनी हसली. लोइसला हसू आलं नाही. ट्वायलाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि शेडच्या दिशेने हाक मारली, “आर्डन! झालं का?”

“थोडं राहिलंय!” शेडमधून आवाज आला.

ही हाक आणि हे उत्तर सगळा हिवाळा रोज ऐकू यायचं. ट्वायला हात धुवायला आत गेली तशी लोइस कॉनीजवळ सरकली.

“ऐकलंस? मी बाबांबद्दल डॉक्टरांशी बोलले आहे. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करत बसणं हे लक्षण असतं.”

“कशाचं?”

“विसरायला लागल्याचं. उद्या आईच्या गोळ्या विसरले म्हणजे?”

“गोळ्या मी विसरते कधीकधी. ते नाही विसरत.”

“तू कुणाच्या बाजूने आहेस, कॉनी?”

“मी बटाट्यांच्या बाजूने आहे. ते लोणी दे इकडे.” लोणी घेताना मात्र कॉनीने आवाज खाली आणला. “आईंना घेऊन जायचंय ना तुला? मग आधी त्यांना विचार. या घरात सगळे त्यांच्याबद्दल बोलतात, त्यांना कुणी विचारत नाही.”

लोइस म्हणाली, आईला काय विचारायचं, ती काय नाही म्हणणार आहे का. शाळेत उपमुख्याध्यापक होऊन तिला बरीच वर्षं झाली होती आणि ‘नाही’ ऐकायची तिची सवय मोडली होती.

*

डॅरिल लोइसशी हिवाळाभर याच विषयावरून भांडत आला होता. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, त्यांना कामात चोख हवं असतं एवढंच, असं त्याचं म्हणणं. आज डबा पुरा झाला की बहिणीचं तोंड बंद होईल, असा त्याचा हिशेब होता. तो स्वतः ट्रेलरच्या कारखान्यात एका लाइनीवर मुकादम होता, तेव्हा पत्रा चढवणं त्याला नवं नव्हतं. पांढरे आणि मोरपंखी पत्रे भिंतीला टेकवून ठेवले होते. त्याने चौकटीवरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि मागच्या गोलाईच्या कडेवरून सहज बोट फिरवलं.

बोट थांबलं. पत्र्याच्या कडेवर जी कोपरपट्टी बसते, तिचे स्क्रू वीत-वीत अंतरावर याच लाकडात जातात. त्या प्रत्येक भोकात काहीतरी ठोकून भरलेलं होतं.

“बाबा, ह्या भोकांत काय आहे?”

आर्डन बाकावर बसून पुट्टीच्या पट्टीची गुंडाळी उलगडत होता. “लाकूड.”

“दात कोरायच्या काड्या आहेत.”

“काड्या लाकडाच्याच असतात.”

जुन्या लाकडात असं करतात. स्क्रू धरेनासा झाला की भोकात डिंक घालून काडी ठोकायची, म्हणजे पुन्हा थोडी पकड येते. पण ही चौकट जुनी नव्हती. गेल्या उन्हाळ्यात डॅरिलने स्वतः लाकूड निवडून आणलं होतं, स्वतः कापलं होतं. त्याने नखाने एक काडी उचकटली. खाली दुसरी होती, मोडलेली, आणि तिच्याभोवती लाकडाचा नुसता भुगा झाला होता.

“तीनदा उतरवला म्हणालात पत्रा.”

“तीन-चारदा.”

“बाबा, माझा जन्म गेला यात. तीन-चारदा स्क्रू काढून लाकूड असं होत नाही. तुम्ही आठवड्याला चढवत होतात नि आठवड्याला काढत होतात.” आर्डनने उलगडलेली पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. “गळत कुठे होतं?”

“गळत नव्हतं.”

“मग?”

आर्डनने वर पाहिलं. डॅरिलला वाटलं होतं, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत गोंधळ दिसेल, काही आठवत नसल्याची ती रिकामी नजर दिसेल. तसं काही नव्हतं. आपण काय केलं आणि का केलं ते बाबांना नीट ठाऊक होतं.

“लोइस म्हणते तुमचं डोकं गेलंय. मी तिच्याशी भांडलो तुमच्यासाठी. मला तरी सांगा.”

“जेवायला बोलावतायत,” आर्डन म्हणाला आणि उठला. कुणीही बोलावलं नव्हतं.

*

मान खाली घालून सगळ्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली. टेबलावर हॅम होतं, बीटच्या रसात मुरवलेली अंडी होती, आणि आमच्याकडे पाहुणे असले की असतात तशा कुस्करलेल्या बटाट्यांवर ओतायच्या जाड शेवया होत्या. ट्वायलाचं ताट वेगळं: थोडा भात, उकडलेला कोबी, मिठाशिवाय कोंबडीचा तुकडा. बटाटा तिला बंद होता. मूत्रपिंडं चालत नसलेल्या माणसाचं हृदय बटाट्याने बंद पडू शकतं, हे या घरात सगळ्यांना पाठ होतं.

ट्वायलाने भाताचं ताट बाजूला सारलं, बटाट्यांचं भांडं ओढलं आणि चांगला मोठा डाव भरून घेतला.

“आई!” लोइसने तिचं मनगट धरलं.

“सोड, लोइस.”

“तुला चालत नाही ते.”

“चालत नाही ते मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. सोड. शाळेतल्या पोरांना धरतेस तसं धरू नकोस मला.”

लोइसने हात सोडला. ट्वायलाने खरं तर पत्रा चढल्यावर संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण लोण्याचा वास आला आणि तिला वाटलं, आता कशाला लपवायचं. तिने एक घास खाल्ला. दोन वर्षांत प्रथमच खाल्ला आणि तिला वाटलं होतं तेवढाच छान लागला.

“तू सांगतोस?” तिने आर्डनला विचारलं.

आर्डन ताटातल्या शेवयांकडे बघत राहिला.

“नाही जमायचं त्याला. मीच सांगते. गेल्या सप्टेंबरात आमचं ठरलं. डबा झाला की मशीन बंद करायचं. डबा घेऊन लून लेकला जायचं आणि जितके दिवस मिळतील तितके तिथे काढायचे.”

“बंद म्हणजे?” डॅरिलने विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

“मग उरतो आठवडा. फार तर दोन. डॉक्टरांना विचारून ठेवलंय मी.”

कॉनी उठली आणि शेगडी बंद करून आली. शेगडी आधीच बंद होती. डॅरिल बापाकडे बघत होता.

“म्हणून काड्या,” तो म्हणाला.

“कसल्या काड्या?” लोइसने विचारलं. डॅरिलने सांगितलं. ऐकता ऐकता लोइसचा चेहरा बदलत गेला. सकाळपासून जे बोलायचं म्हणून ती घोकत आली होती, ते सगळं तिने एका क्षणात टाकून दिलं.

“बाबा, तुम्ही बरोबर केलंत,” ती म्हणाली. “अगदी बरोबर केलंत. कुणी हात लावायचा नाही त्या डब्याला. डॅरिल, ऐकतोयस?”

“मी कशाला लावतोय? मी कुऱ्हाड घेऊन जातो आत्ता.”

“जा.”

हिवाळाभर एकमेकांशी भांडलेली ही दोन भावंडं अशी टेबलाच्या एका बाजूला झाली. ट्वायलाला त्यातही थोडं बरं वाटलं. तिने दुसरा घास घेतला.

“आईंना जेवू तरी द्या,” कॉनी म्हणाली.

“तू यात पडू नकोस,” डॅरिल म्हणाला.

“का पडू नको? बुधवारी यांना मशीनवर मी नेते. तू एकदा तरी आत येऊन बसलास का? गाडीत बसून मॅचचा स्कोअर ऐकतोस. लोइस तर फुलं पाठवते. सुया केवढ्या जाड असतात माहीत आहे तुम्हाला? ह्या बुधवारी तीनदा टोचलं, तीनदा. आणि घरी येताना या मला काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, कॉनी, थांबून आइस्क्रीम घे, तुझा चेहरा उतरलाय.”

लोइस रडत होती. डॅरिलने काटा हातात घेतला आणि पुन्हा ठेवला.

“मी दुःखाने नाही म्हणत,” ट्वायला म्हणाली. “कंटाळले आहे, तेही म्हणत नाही. दमले आहे. मला तळ्याच्या काठावर बसून अख्खा पेला पाणी प्यायचंय. गार. मोजून नाही. मग दुसरा पेला. बाकी काही नको मला.”

“पाण्यासाठी, आई?”

“तुला तहान लागली की तू नळाशी जातेस, लोइस. तुला नाही कळायचं.” मग ती आर्डनकडे वळली. “आणि तू. मला ऐकू यायचं, बरं का. स्क्रू आत जाताना ड्रिलचा आवाज चढत जातो आणि बाहेर येताना उतरत येतो. बाई या गावात जन्मली की तिला एवढं कळतं. सगळा हिवाळा ऐकलं मी.”

आर्डनने पहिल्यांदाच मान वर केली. “मग बोलली का नाहीस?”

“तळं गोठलेलं होतं. जाणार कुठे होतो आपण? हिवाळा तुला दिला मी. आता बर्फ गेलंय, आर्डन.”

“डब्याची अट का घातलीस?” लोइसने डोळे पुसत विचारलं. “मनात होतं तर सरळ बंद करायचं होतंस.”

“त्याला ‘हो’ म्हणता येत नव्हतं. तीन दिवस विचारलं, तीन दिवस गप्प. म्हटलं, तोंडाने होत नाही, तर हाताने करू दे.”

आर्डन उठला, खुंटीवरची टोपी घातली आणि शेडकडे गेला.

*

लोइस पाठोपाठ आली. आर्डन डब्याच्या दारात, पायरीवर बसला होता. आत बर्चच्या पॅनेलांवर पॉलिश चमकत होतं. टेबल, दोन बाकडी, इवलीशी शेगडी, सगळं होतं. बाहेरून मात्र नुसत्या फळ्या दिसत होत्या.

“हे पत्रे भंगारात देऊन टाकू,” लोइस म्हणाली. “डबाच नसला तर प्रश्नच मिटला.”

“ती दुसरं काहीतरी ठरवेल.”

“मग तेही लांबवायचं. तुम्हाला जमतं ते. आठ महिने जमवलंत की! अजून वर्षभर जमवू. मी दर शनिवारी येईन, तुम्ही सांगाल ते मोडून देईन.”

आर्डनला लेकीची दया आली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की ती जे बोलतेय तेच आपण सगळा हिवाळा मनातल्या मनात बोलत होतो. मनात ते प्रेमाचं वाटायचं. तिच्या तोंडून ऐकताना ते तसं वाटेना. आठ महिने त्याने कमावले होते, पण ते कुणी भोगले? सोमवारी सुया, बुधवारी सुया, शुक्रवारी सुया. ती कोपरापर्यंत काळीनिळी झालेली आणि तो शेडमध्ये काड्यांना डिंक लावत बसलेला.

“तहान फार झाली की ती ओला रुमाल चावते,” तो म्हणाला. “मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करते.”

“बाबा, मला आई पाहिजे.”

“मलाही पाहिजे,” आर्डन म्हणाला. आयुष्यभर ज्याने मुलांसमोर डोळे ओले होऊ दिले नव्हते, तो म्हातारा लेकीच्या खांद्याला धरून मोठ्याने रडला. डॅरिल दाराशी येऊन उभा राहिला होता, त्याला आत यावं की परत जावं कळेना.

रडून झाल्यावर आर्डनने नाक पुसलं, कपाटाचा खालचा खण उघडला आणि एक पत्र्याची डबी काढली. डॅरिलने डबीत डोकावून पाहिलं. नेहमीच्यापेक्षा जाड आणि जरा लांब असे स्क्रू होते.

“कधी आणलेत?”

“ईस्टरच्या आधी.”

“बाबा, खरं सांगू का? हे लाकूड आता काही धरणार नाही. नवं कापायला हवं. कारखाना सुट्टीवर आहे, पुढच्या आठवड्यात बघू. की त्याच्या पुढच्या?” हे बोलताना डॅरिल बापाच्या डोळ्यांकडे बघत नव्हता. त्याला देता येण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती आणि ती तो देऊ बघत होता.

“हे धरतील.”

“धरतील. पण एकदाच. पुन्हा काढायला गेलात तर चौकटच फुटेल.”

“माहितीये मला,” आर्डन म्हणाला. “तो खालचा पत्रा घे. खालून सुरुवात करायची.”

*

खालचा पत्रा आधी, मग त्यावर वरचा, म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर उतरतो. डॅरिल आणि आर्डन ठोकत होते, लोइस पत्रा धरत होती, कॉनी पुट्टीच्या पट्ट्या काढून देत होती. लोइसचा हात पत्र्याच्या कडेने कापला, तिने रुमाल गुंडाळला आणि पुन्हा पत्रा धरला. मधूनच डॅरिल थांबायचा, बापाकडे बघायचा, आणि बाप मान हलवायचा, की चालू दे. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता.

कोपरपट्टी आली तेव्हा अडचण निघाली. स्क्रू लांब होते, एखाद्याचं टोक आतल्या पॅनेलमधून बाहेर यायची भीती होती. आत बसून कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

“मी बसते,” ट्वायला म्हणाली. ती केव्हा शेडमध्ये आली होती कुणाला कळलं नव्हतं.

“तू नको, आई,” लोइस म्हणाली.

“माझी जागा आहे ती. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी त्या बाकड्यावर बसते.”

डॅरिलने तिला उचलून पायरीवरून आत ठेवलं. ती इतकी हलकी झाली होती, की त्याला हात पुन्हा रिकामे करवेनात. ती मागच्या बाकड्यावर बसली आणि तिने तळवा भिंतीला लावला.

“टोक आलं तर दोनदा वाजवीन,” ती आतून म्हणाली. “ठीक असेल तर एकदा.”

एनॉसआजोबांच्या कारखान्यात असंच करायचे. आर्डनने ड्रिल बाजूला ठेवलं आणि हाताने फिरवायचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. ड्रिलने झटकन झालं असतं. त्याने पहिला स्क्रू लावला, फिरवला, लाकडाने करकरत तो आत घेतला आणि धरला. आतून एक टकटक आली. त्याने दुसरा लावला. पुन्हा एक टकटक. मुलं बाजूला झाली होती. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कॉनीने लोइसच्या दुखऱ्या हाताला पट्टी बांधली आणि हात तसाच धरून ठेवला.

गोलाईवर आर्डनला दम लागला. डॅरिल पुढे झाला, तशी आर्डनने मान हलवली. स्क्रू, टकटक. स्क्रू, टकटक. डबीचा तळ दिसायला लागला तसा तो आणखी हळू फिरवू लागला, आणि ते शेडमधल्या सगळ्यांना दिसत होतं. कुणी घाई केली नाही.

शेवटचा स्क्रू खाली, डब्याच्या मागच्या दिव्याजवळ होता. तो लावायला आर्डनला गुडघ्यावर बसावं लागलं. त्याने तो फिरवला, अजून फिरवला, आता फिरणार नाही अशी खात्री झाल्यावरही एकदा जोर लावून पाहिला. स्क्रू हलला नाही. आत जिथे ती बसली होती तिथे त्याने बाहेरून हात ठेवला. पत्रा गार होता.

“आर्डन,” आतून आवाज आला. “झालं का?”

सवयीने त्याचं तोंड उघडलं. सगळ्या हिवाळ्यात जे दोन शब्द त्याने रोज म्हटले होते, ते जिभेवर आलेही. डॅरिल आणि लोइस त्याच्याकडे बघत होते. त्याने स्क्रू-ड्रायव्हर जमिनीवर ठेवला.

“झालं,” तो म्हणाला.

आतून एकदा टकटक झाली.